विशाखापट्टणमला समुद्र सकाळी भेटतो

"ताई, मी सिंहगड रोडला राहते, एका फार्मा कंपनीत क्वालिटीला आहे. फेब्रुवारीत दहा दिवस विशाखापट्टणमला जायचंय, परवाड्याच्या एका प्लांटच्या कामासाठी. राहायची सोय शहरात, बीच रोडच्या जवळ केलीय. सकाळी सव्वाआठला गाडी येणार, परत यायला सात वाजणार, मधे एकच रविवार मोकळा. आत्तापर्यंतच्या माझ्या सगळ्या टूर अशाच गेल्या, हॉटेल, प्लांट, हॉटेल, रात्री ॲपवरून जेवण मागवायचं आणि झोपायचं. चेन्नईला आठ दिवस होते आणि समुद्र फक्त विमानातून पाहिला. या वेळी कुठेतरी कॅफेत निवांत बसावं, थोडा निसर्ग बघावा असं फार मनात आहे. पण एकटीनं कॅफेत बसायला कसंतरीच वाटतं, आणि सहा वर्षांच्या मुलाला घरी ठेवून आपण फिरतोय ही टोचणी वेगळीच. सासूबाई परवा म्हणाल्या, कामाला चाललीयस ना, मग फिरायचं कसलं? काय करू?
के., पुणे"

के., तुझं ते चेन्नईचं वाक्य वाचलं आणि मला माझी पहिली मंगळूरची टूर आठवली, सहा दिवस होते, हॉटेलपासून समुद्र रिक्षानं वीस मिनिटांवर, आणि मी रोज संध्याकाळी खोलीत येऊन रिपोर्ट लिहीत बसले. कोणी जाऊ नको म्हणालं नव्हतं गं, मीच गेले नाही. त्याची हळहळ अजून आहे, म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आपण पुण्याची माणसं, आपला समुद्र म्हणजे कोकण, आणि कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. त्यामुळे आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे संध्याकाळ असंच बसलेलं असतं, काम संपवायचं आणि किनाऱ्यावर जायचं. विशाखापट्टणम पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि मावळतो तो डोंगरांच्या मागे, आणि तेही आपल्यापेक्षा लवकर. पुणं साधारण ७४ रेखांशावर, विशाखापट्टणम ८३ च्या थोडं पुढे, आणि एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर दोघांत ३५ ते ४० मिनिटांचा फरक पडतो. घड्याळ तेच, पण फेब्रुवारीच्या मध्यावर पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो तेव्हा तिथे सहा पंचवीसला वर आलेला असतो, आणि संध्याकाळी सहालाच मावळतो. म्हणजे तू सातला गाडीतून उतरशील तेव्हा सूर्य मावळून तास झालेला असणार. संध्याकाळच्या भरवशावर राहिलीस तर ही टूरही चेन्नईसारखीच जाईल.

पण सकाळी सव्वाआठपर्यंतचा वेळ अख्खा तुझा आहे. साडेपाचला उठलीस तर पावणेसहाला किनाऱ्यावर. सूर्य यायच्या आधीचा तो अर्धा तास चुकवू नको, आकाश आधी राखाडी, मग पाण्याच्या रेषेवर पिवळसर पट्टा, आणि मासेमारीच्या बोटी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसायला लागतात. आरके बीच म्हणजे शहरातला मुख्य किनारा, तिथला रस्ता पहाटे काही वेळ गाड्यांना बंद ठेवतात, त्यामुळे चालणारे, धावणारे, स्केटिंग करणारी पोरं, आजी-आजोबांचे ग्रुप, चांगली वर्दळ असते, एकटीला भीती वाटेल असं काही नाही. आपल्याकडे तळजाईवर किंवा हनुमान टेकडीवर सकाळी जशी रोजची मंडळी असतात ना, तसंच वातावरण, फक्त समोर बंगालचा उपसागर.

आता पाण्याबद्दल, हे मात्र नीट ऐक. तो किनारा कोकणासारखा समजू नको. गुहागर-दिवेआगरला आपण गुडघाभर पाण्यात लांबवर चालत जातो, तसं तिथे करायचं नाही. आरके बीचला उतार चटकन खोल होतो, लाटा अंगावर येऊन फुटतात आणि माघारी जाणारं पाणी जोरात ओढतं. भरती-ओहोटीतला फरकही आपल्याकडच्या मानानं बराच कमी, त्यामुळे ओहोटीला मैदानासारखा मोकळा होणारा किनारा तिथे मिळत नाही. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधेच एक शांत, गुळगुळीत पट्टा दिसतोय, असं दिसलं की तिथे पाऊलसुद्धा टाकू नको, पाणी तिथूनच आत ओढतं. माणसं बुडाल्याच्या बातम्या तिथे येत असतात आणि त्यात बाहेरगावची पोरं पुष्कळ. तू वाळूवर बस, घोटाभर पाण्यात पाय भिजव, बास.

तिथे किनाऱ्यानं उत्तरेकडे चालत गेलं की लॉसन्स बे आणि पेद्दा जालारीपेटा, ही कोळ्यांची वस्ती. मी तिथल्या टूरच्या तिसऱ्या दिवशी गेले होते. रंगीत बोटी वाळूवर ओढलेल्या, जाळी पसरलेली, आणि एक बाई टोपलीत मासे वेगळे करत होती. मी उभी राहिलेली बघून तिनं एक लांबट चकचकीत मासा उचलला आणि म्हणाली, वंजरम. मी म्हणाले, सुरमई. तिनं सुरमई, सुरमई असं दोनदा म्हणून बघितलं, मग पापलेट उचललं आणि म्हणाली, चंदुवा. मी पापलेट सांगितलं. अशी पाच-सहा नावं झाली आमची, मला तेलुगू येत नाही, तिला मराठी यायचा प्रश्नच नाही. तिच्या हाताला खवले चिकटलेले होते आणि ती प्रत्येक मासा शेपटीला धरून उजेडाकडे करून दाखवत होती, कल्ल्याचा लाल रंग दिसावा म्हणून. त्या दिवशी प्लांटमधे पोचल्यावरही माझं डोकं इतकं हलकं होतं, काय सांगू. फोटो काढायचा असेल तर आधी विचार, आणि घाईच्या वेळी मधे उभी राहू नको, त्यांचं ते कामाचं ठिकाण आहे.

फेब्रुवारीत त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आपल्या कोकणात वेळासला येतात तीच. वन खातं आणि संस्था अंडी गोळा करून कुंपणाच्या आत पुरतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. तुझ्या दिवसांत पिल्लं दिसतीलच असं नाही, पण सकाळी किनाऱ्यावर अशी कुंपणं दिसली तर तिथल्या माणसाला विचार, नशीब असेल तर बघायला मिळेल. रात्री किनाऱ्यावर मोबाईलचा टॉर्च लावून फिरू नको, उजेडानं ती बिचारी गोंधळतात.

सूर्य बघून झाला की नाश्ता. हॉटेलचा बुफे असेलच, पण निदान तीन-चार दिवस बाहेर खा. तिथे टिफिन म्हणजे डबा नाही हं, टिफिन म्हणजे सकाळचा नाश्ता, आणि टिफिन सेंटर म्हणजे आपल्या अमृततुल्याच्या जातीची जागा, पटकन उभ्यानं खायचं आणि निघायचं. पेसरट्टू मागव. अख्खे हिरवे मूग भिजवून वाटून केलेला पातळ डोसा, आंबवायची भानगड नाही, आपल्या मुगाच्या धिरड्याचा जवळचा नातेवाईक. वर बारीक कांदा, मिरची, जिरं आणि सोबत आल्याची आंबटगोड चटणी, तिला अल्लम पच्चडी म्हणतात. आत उपमा भरला की तो एमएलए पेसरट्टू, तेवढा खाल्लास तर दुपारचं जेवण अर्ध्यावर येईल. तिखट आपल्यापेक्षा चढं असतं, म्हणून कारम तक्कुवा एवढं पाठ कर, म्हणजे तिखट कमी. अशी नऊ माणसांच्या गर्दीत प्लेट घेऊन एकटी उभी राहिलीस ना की कॅफेत एकटं बसायचा संकोच आपोआप निम्मा होतो, मला तरी तसंच झालं.

उरलेल्या निम्म्याचं बोलू. कसंतरी वाटतं म्हणजे नेमकं काय वाटतं, तर सगळे आपल्याकडे बघताहेत असं. पुण्यात वैशालीला रविवारी आपण अनोळखी माणसांच्या टेबलावर बसून इडली खातो, कोणाला काही वाटतं का? तिथे गर्दी आपल्याला लपवते, आणि कॅफेत टेबल मोकळी असतात म्हणून आपण उघडे पडल्यासारखे वाटतो, फरक तेवढाच. मी एक करते, भिंतीला पाठ लागेल किंवा खिडकीला तोंड येईल अशी जागा घेते, बसायच्या आधी काउंटरवर ऑर्डर देऊन टाकते म्हणजे मेनू धरून ताटकळणं नाही, आणि पहिला कप संपेपर्यंत फोन पर्समधे. पहिली पाच मिनिटं अवघड जातात, मग नाही. कॅफे तुला बीच रोडवर, सिरिपुरममधे, एमव्हीपी कॉलनीत, लॉसन्स बे कॉलनीत आणि ऋषिकोंडाकडे भरपूर मिळतील, मी नाव सुचवत नाही, कारण चांगली जागा चालत चालत सापडण्यात जी मजा आहे ती मला तुझ्याकडून काढून घ्यायची नाही.

पण मागवायचं काय ते सांगते. अरकूची कॉफी. विशाखापट्टणमपासून साधारण ११५ किलोमीटरवर पूर्व घाटात अरकू खोरं आहे, तिथले आदिवासी शेतकरी सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी लावतात, त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात, आणि तिथल्या अरेबिकाला २०१९ मधे जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख, मिळाला. आपली नेहमीची फिल्टर कॉफी दूध-साखर-चिकोरीची, ती छानच असते, पण ही एकदा बिनदुधाची पिऊन बघ. मी ज्या कॅफेत गेले तिथल्या मुलानं आधी बिया दळून मला नुसता वास घ्यायला दिला, मग कागदाच्या गाळणीवर गरम पाणी अगदी बारीक धारेनं गोल गोल ओतत राहिला, चार मिनिटं तरी लागली असतील, आणि कॉफी पूड फुगून वर येत होती. पहिला घोट मला पातळ वाटला, खोटं कशाला बोलू. कप निम्मा होऊन कोमट झाल्यावर मात्र गुळासारखा गोडवा आणि जराशी आंबट चव कळायला लागली. त्यामुळे घाईनं पिऊ नको, कोमट होऊ दे.

एक मात्र कडक शब्दांत सांगते. कॅफेत लॅपटॉप उघडून प्लांटची निरीक्षणं लिहायची नाहीत आणि त्यावर फोनवर बोलायचं नाही. त्या भागात फार्माची माणसं इतकी आहेत की शेजारच्या टेबलावर त्याच प्लांटचा माणूस बसलेला असू शकतो. रिपोर्ट खोलीत लिही, आणि अगदी नाइलाजानं बाहेर लिहावाच लागला तर कॅफेचं वायफाय नको, स्वतःचा हॉटस्पॉट वापर. कॅफेची बिलं क्लेममधे टाकू नको, ती तुझी स्वतःची कॉफी आहे.

संध्याकाळी काहीच नाही का, तर आहे. आरके बीचवर आयएनएस कुरसुरा पाणबुडी वाळूवर आणून ठेवलीय. १९६९ मधे नौदलात आली, २००१ ला निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय. दुपारनंतर उघडतं, संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असतं, सोमवारी बंद, तरी जायच्या दिवशी वेळ बघून घे. आत निवृत्त नौसैनिक माहिती सांगतात. सत्तरेक माणसं त्या नळीत कशी राहात असतील हे वाकून वाकून एकेका गोल दारातून जाताना कळतं, झोपायच्या फळ्या इतक्या अरुंद की कूस बदलायची तरी कशी असं वाटतं. बाहेर आलीस की किनाऱ्यावर मुरी मिक्श्चर खा, कुरमुरे, कांदा, टोमॅटो, लिंबू, आपल्या भेळेची बहीणच, चिंचेच्या चटणीशिवायची.

आणि दुसरं, कालनिर्णय काढून बघ तुझ्या दहा दिवसांत पौर्णिमा येतेय का. पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस चंद्र सूर्यास्तानंतर तास-दोन तासांनी उगवतो, म्हणजे तू मोकळी झाल्यावर, आणि तिथे तोही समुद्रातूनच उगवतो. पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ बघ, त्यातून ३५-४० मिनिटं वजा कर, आणि त्या वेळेला किनाऱ्यावर जाऊन बस. तांबडा, मोठा, पाण्यावर अर्धा असा चंद्र मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिला. आपण संकष्टीला गॅलरीतून इमारतींच्या मधे शोधतो तो हाच यावर विश्वास बसत नाही.

आता रविवार. सगळे तुला अरकूला जा म्हणतील. जागा सुंदर आहे यात वाद नाही, रेल्वेचा तो मार्ग छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं लोहखनिज बंदरावर आणायला घाटातून काढलेला, बोगद्यांमागून बोगदे, २०१७ पासून किरंदूल गाडीला काचेचा व्हिस्टाडोम डबाही लागतो, वाटेत बोर्रा गुहा आहेत. पण जायला चार तास, यायला साडेतीन-चार तास, आणि सोमवारी सव्वाआठला गाडी दारात. एका दिवसात अरकू उरकू नको. काम संपल्यावर स्वतःची एक दिवस रजा टाकून, रात्री तिथे मुक्काम करून जाता आलं तरच जा, तसं करणार असशील तर निघायच्या आधीच मॅनेजरला मेल कर, जास्तीच्या रात्रीचं हॉटेल आणि तिकिटातला फरक मी भरीन असं स्वच्छ लिही. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. न सांगता तिकीट बदललं की मग कटकटी.

रविवारसाठी माझं मत भीमिली रस्त्याला. शहरातून उत्तरेला समुद्राच्या कडेकडेनं जाणारा रस्ता, एका हाताला पाणी, एका हाताला पूर्व घाटाच्या टेकड्या. दिवसभराची टॅक्सी ठरव, लोकेशन कोणाला तरी शेअर करून ठेव आणि सहालाच निघ. आधी एर्रा मट्टी दिब्बलु, म्हणजे लाल मातीचे ढिगारे, शहरापासून वीसेक किलोमीटर. समुद्राची पातळी खाली-वर होत गेली तसतशी हजारो वर्षं वारा-पाण्यानं वाळू साचत गेली, तिच्यातल्या लोखंडाला गंज चढून ती लाल झाली, आणि मग पावसानं तिच्यात खोल घळी कोरल्या. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय भू-वारसा म्हणून जाहीर केलंय. सह्याद्रीचा काळा कातळ बघत वाढलेल्या माणसाला हा रंग बघून थबकायला होतं. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंती विटकरी दिसतात, हात लावला तर तळवा लाल होतो. घळीत फार आत एकटी जाऊ नको, वळणं सारखीच दिसतात आणि दिशा चुकते, आणि भिंतींवर चढू नको, त्या भुसभुशीत असतात.

परत येताना तोट्लकोंडा, टेकडीवरचं बौद्ध स्थळ, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. नाव पडलंय ते खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांवरून. कार्ले-भाजे बघितलेल्या आपल्या डोळ्यांना टाकी ओळखीची वाटतात, पण बाकी वेगळं आहे, आपल्याकडे विहार डोंगरात कोरलेले, तिथे बांधून काढलेले, आता जोती तेवढी उरलीत. भिक्खूंच्या खोल्यांच्या त्या जोत्यांपलीकडे थेट समुद्र. मी तिथे तासभर बसले होते. शेवटी ऋषिकोंडाला ये, २०२० मधे ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, मिळालेला किनारा, तिथे उंचावरचा कॅफे शोध आणि दुपार काढ. यारडाला सगळे जा म्हणतील, डॉल्फिन्स नोज या टेकडीच्या पाठीमागचा तो किनारा देखणा आहे पण निर्जन, तिथे सहकारी बरोबर असतील तरच. आणि शहरात नौदलाच्या हद्दी जागोजागी आहेत, पाटी दिसली की कॅमेरा खाली.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नको आणि त्यांच्यापासून लपवूही नको. लपवलंस तर कॉफी पिताना चोरी केल्यासारखं वाटेल आणि ती टोचणी वाढेल. जायच्या आधी सरळ सांग, आई, दिवसभर काम आहे, सकाळी दोन तास आणि एक रविवार माझा आहे, त्यात मी समुद्रावर जाणार आहे. त्या दहा दिवस नातवाला सांभाळणार आहेत, त्यांचं ते बोलणं कदाचित त्या थकव्यातून आलेलं असेल, म्हणून सकाळच्या पोळ्यांना बाई लावून जा किंवा नवऱ्याला शाळेची तयारी वाटून दे, म्हणजे त्यांच्यावरचा भार खरंच कमी होईल. येताना अनकापल्लीचा गूळ आण, तिथला प्रसिद्ध आहे, आणि मिळाला तर माडुगुला हलवा.

मुलासाठी एक कर. त्याची बस साधारण सातची असेल ना, म्हणजे सहा-वीसला तो दूध पीत असेल. त्या वेळेला किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल लाव आणि कॅमेरा समुद्राकडे धर. सूर्य वर आला की त्याला खिडकीपाशी जायला सांग आणि विचार, तुझ्याकडे आला का? त्याच्याकडे अजून अंधारच असणार. आईकडे आलेला सूर्य त्याच्याकडे पोचायला अजून पस्तीस-चाळीस मिनिटं आहेत असं सांग, आणि आजीचा हात धरून बसस्टॉपवर उभं राहून तो येतोय का ते बघायला लाव.